मुलांचे मत आणि मोठ्यांची मोजणी

मुलांनी मतदान करून विजेते ठरवायचे आणि त्याचा सोहळा दूरचित्रवाणीवर दाखवायचा, या प्रकाराविषयी या महिन्यात वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतली काही निवडून येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी एका अमेरिकी पुरस्कार सोहळ्याच्या चित्रफिती आवडीने पाहते. त्यात विजेत्यांना नारिंगी रंगाची वस्तू मिळते आणि मोठमोठ्या कलाकारांच्या अंगावर हिरवा चिकट पदार्थ ओतला जातो. हा सोहळा कोण भरवते? मुले त्यात खरोखर मतदान करतात का?
— एक आई

उत्तर : आपण वर्णन केलेला सोहळा निकलोडियन या अमेरिकी बालवाहिनीचा ‘किड्स चॉईस अवॉर्ड्स’ हा आहे. ही वाहिनी या नावाने १९७९ मध्ये सुरू झाली. १९८७ मध्ये तिने ‘द बिग बॅलट’ या नावाने मुलांच्या मतदानाचा कार्यक्रम केला आणि १९८८ पासून त्याला आजचे नाव मिळाले. त्या काळी अमेरिकेत पुरस्कारांची वाण नव्हती. ऑस्करसाठी चित्रपट अकादमीचे सदस्य मत देत होते, ग्रॅमीसाठी संगीतक्षेत्रातील व्यावसायिक मत देत होते. पण जी मुले चित्रपटगृहे भरवत होती आणि दूरचित्रवाणीसमोर सर्वाधिक निष्ठेने बसत होती, त्यांना काय आवडले हे कोणीही औपचारिकपणे विचारत नव्हते. ही उणीव या सोहळ्याने भरून काढली आणि त्याच्या यशाचे मूळ तेथेच आहे.

अभिनेत्री रोझी ओडॉनेल यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००३ पर्यंत सूत्रसंचालन केले, तेव्हा हा सोहळा वाहिनीच्या वर्षभरातील सर्वांत मोठ्या कार्यक्रमांपैकी एक झाला. पुढे जॅक ब्लॅक, विल स्मिथ, ड्वेन जॉन्सन, जॉन सीना अशी मोठी नावे सूत्रसंचालक म्हणून आली. २०२० मध्ये साथीमुळे प्रेक्षकांसमोरचा सोहळा रद्द झाला, तेव्हा २ मे रोजी कलाकारांना घरोघरीच सहभागी करून घेऊन तो प्रसारित केला गेला. २०२४ मध्ये तर स्पंजबॉब आणि पॅट्रिक या दोन कार्टून पात्रांनी सूत्रसंचालन केले. ब्राझील, मेक्सिको, ऑस्ट्रेलिया अशा देशांत त्याच्या स्थानिक आवृत्त्या निघाल्या, तशी २०१३ मध्ये भारतीय आवृत्तीही निघाली.

मुले खरोखर मतदान करतात. मात्र त्या मतदानाची यादी कोण तयार करते, एका मुलाला किती मते देता येतात आणि मोजणी कोण करते, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय ‘मुलांनी निवडले’ या शब्दांचा पूर्ण अर्थ लागत नाही. पुढच्या बहुतेक पत्रांचा रोख याच प्रश्नांकडे असल्यामुळे त्यांची उत्तरे तेथेच सविस्तर देत आहे.

प्रश्न : पाहुण्याला मानाने बोलवायचे आणि हजारो लोकांसमोर त्याच्या डोक्यावर घाण ओतायची, यात मुलांनी काय शिकायचे? मला हा प्रकार अपमानाचा वाटतो.
— एक आजोबा

उत्तर : आपली हरकत मनापासूनची आहे आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही, म्हणून या प्रथेचा उगम आधी सांगतो. कॅनडातील ओटावा येथे १९७९ मध्ये मुलांसाठी एक विनोदी मालिका सुरू झाली, तिचे नाव ‘यू कान्ट डू दॅट ऑन टेलिव्हिजन’. निकलोडियन ती १९८१ पासून अमेरिकेत दाखवू लागली. या मालिकेत काम करणाऱ्या मुलाने ‘मला माहीत नाही’ असे शब्द उच्चारले, की वरून हिरवा रबरबीत पदार्थ कोसळत असे आणि ‘पाणी’ म्हटले, की पाणी. निर्मात्यांनी सांगितलेली हकीकत अशी, की पहिल्यांदा बादलीत उरलेसुरले अन्न आणि पाणी कालवून ठेवले होते. चित्रीकरण लांबले, त्यावर बुरशी चढून ते हिरवे पडले आणि शेवटी तसेच ओतले गेले. त्यानंतर अर्थात निरुपद्रवी पदार्थांचे मिश्रण वापरले जाऊ लागले. हा पदार्थ, म्हणजे ‘स्लाइम’, पुढे वाहिनीची ओळखच झाला. इतका, की १९९० मध्ये फ्लोरिडातील ओरलँडो येथे वाहिनीचा स्टुडिओ सुरू झाला तेव्हा त्याच्या दारातच हिरव्या स्लाइमचे कारंजे उभारले गेले.

मूळ मालिकेत स्लाइम ही मुलांना होणारी शिक्षा होती आणि ती देणारे जग मोठ्यांचे होते. पुरस्कार सोहळ्यात हा क्रम उलटला. आता खाली उभा असतो तो जगप्रसिद्ध, सुंदर कपड्यांतला मोठा माणूस आणि त्याची फजिती पाहून आनंदाने ओरडतात ती मुले. ज्यांना दिवसभर नीट बसा, कपडे मळवू नका, मोठ्यांसमोर आवाज करू नका असे सांगितले जाते, त्यांना वर्षातून एकदा मोठ्यांची प्रतिष्ठा थोडा वेळ बाजूला ठेवता येते. कलाकाराला हे होणार याची पूर्वकल्पना असते, बहुतेकांना ते हवेही असते आणि स्लाइम अंगावर पडणे हा तेथे सन्मान मानला जातो. त्यामुळे यात मला अपमान दिसत नाही.

तरीही आपल्या आक्षेपातला एक भाग मी मान्य करतो. हा खेळ संमतीवर उभा आहे, हे पडद्यावर दिसत नाही. मुलाला दिसते ती फक्त ओतण्याची कृती. आपला नातू हा कार्यक्रम पाहत असेल, तर त्या कलाकाराला आधी विचारलेले असते आणि वर्गातल्या न विचारलेल्या मित्रावर असे काही ओतणे ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे, एवढे त्याला अवश्य सांगावे.

प्रश्न : विजेत्यांना मिळणारी ती नारिंगी वस्तू काय असते?
— एक वाचक

उत्तर : ‘ब्लिंप’ नावाचे फुगीर, हवेत तरंगणारे वायुयान असते, त्याची ती छोटी प्रतिकृती आहे. नारिंगी हा वाहिनीचा रंग आणि ब्लिंप हा तिच्या बोधचिन्हाच्या अनेक आकारांपैकी एक. हे सन्मानचिन्ह आतून पोकळ असून त्याच्या एका टोकाला डोळा लावला तर ते कॅलिडोस्कोपसारखे वापरता येते. पुरस्काराची वस्तू खेळताही आली पाहिजे, हा विचार मला फार आवडतो.

प्रश्न : मी बारा वर्षांची आहे. माझ्या मैत्रिणीने तिच्या आवडत्या गायिकेला खूप वेळा मत दिले, मी माझ्या आवडत्या गायिकेला एकदाच दिले. तिची गायिका जिंकली. माझे मत मोजले तरी का?
— इयत्ता सातवीतील एक वाचक

उत्तर : तुझे मत मोजले गेले असणार. पण तुझ्या मैत्रिणीची सगळी मतेही मोजली गेली आणि तू विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर या दुसऱ्या वाक्यात आहे.

या सोहळ्यासाठी पूर्वी दूरध्वनीवरून मते घेत असत. मग संकेतस्थळ आले, मोबाइलवरचे ॲप आले आणि समाजमाध्यमांवर ठरावीक हॅशटॅग लिहून मत देण्याची सोयही झाली. यांतल्या बऱ्याच पद्धतींत एकाच व्यक्तीला पुन्हा पुन्हा मत देता येते. म्हणूनच काही वर्षी जाहीर झालेला एकूण मतांचा आकडा २० कोटींच्याही वर गेला. अमेरिकेत अठरा वर्षांखालील सगळी मुले, अगदी तान्ही बाळेसुद्धा धरली, तरी ती साधारण ७ कोटी ३० लाख भरतात. इतर देशांतून काही मते येत असतील असे धरले, तरी या दोन आकड्यांचा मेळ एकाच रीतीने बसतो : अनेक मुलांनी अनेकदा मत दिले.

आता एक हिशेब तूच करून पाहा. वर्गात ३० मुले आहेत. त्यांतल्या २२ मुलांना पहिली गायिका आवडते आणि ती एकेकदा मत देतात. उरलेल्या ८ मुलांना दुसरी गायिका आवडते, पण ती प्रत्येकी दहा वेळा मत देतात. निकाल २२ विरुद्ध ८० असा लागेल. ‘सर्वांत जास्त मुलांना कोण आवडते’ या प्रश्नाचे उत्तर पहिली गायिका हेच आहे, तर ‘कोणाचे चाहते सर्वांत उत्साही आहेत’ या प्रश्नाचे उत्तर दुसरी गायिका. दोन्ही प्रश्न विचारण्यासारखे आहेत. पण कार्यक्रमात दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या प्रश्नाचे म्हणून सांगितले जाते आणि तुला जे खटकले ते नेमके हेच आहे. तू चुकीचे काही केलेले नाहीस.

नियमावलीही वाचत जा, कारण कधी कधी खरी गोष्ट बारीक अक्षरांत लिहिलेली असते. अमेरिकेतच १९९९ पासून २०१९ पर्यंत ‘टीन चॉईस अवॉर्ड्स’ नावाचा दुसरा सोहळा होत असे. त्यात १३ ते १९ वर्षांच्या मुलामुलींनी मते द्यायची होती. मात्र सर्वाधिक मते मिळालेल्या चौघांमधून विजेता निवडण्याचा अधिकार निर्मात्यांनी स्वतःकडे राखून ठेवला होता आणि तो नियमांत लिहिलेला होता. २०१४ मध्ये हे सर्वांच्या लक्षात आले, तेव्हा समाजमाध्यमांवर तरुण मतदारांनी मोठी नाराजी व्यक्त केली. ज्याला सर्वांत जास्त मते पडली तोच जिंकतो, असे प्रत्येक मत देणारा गृहीत धरतो. तसे होणार नसेल, तर ते पहिल्याच ओळीत ठळकपणे सांगायला हवे होते, असे मला वाटते.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिकवते. या पुरस्कारांत वर्षानुवर्षे तेच कार्टून जिंकताना दिसते. मुलांना निवडीची कुवत नसते, असा याचा अर्थ घ्यावा का?
— एक शिक्षिका

उत्तर : तसा अर्थ घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. आपला रोख ‘स्पंजबॉब स्क्वेअरपँट्स’ या मालिकेकडे असावा. सागरी जीवशास्त्राचे अध्यापन केलेले स्टीफन हिलेनबर्ग यांनी ती निर्माण केली आणि १९९९ मध्ये ती सुरू झाली. आवडत्या कार्टूनचा पुरस्कार २००३ पासून जवळजवळ सातत्याने तिच्याकडे गेला आहे. २००८ मध्ये ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ या मालिकेने तो मिळवला, हा ठळक अपवाद.

प्रौढांच्या निवडणुकीत बराचसा मतदार तोच राहतो. मुलांच्या मतदानात तसे नसते. २००३ मध्ये आठ वर्षांच्या ज्या मुलाने मत दिले, तो २०१३ मध्ये अठरा वर्षांचा झाला आणि या मतदारयादीतून बाहेर पडला. म्हणजे पाच-सहा वर्षांत मतदारांचा मोठा भाग बदलतो आणि दहा वर्षांत तो जवळपास पूर्ण नवा होतो. एकाच मुलाने हट्टाने तेच निवडले असे येथे घडलेले नाही. एकमेकांना कधीही न भेटलेल्या मुलांच्या तीन-चार पिढ्यांनी आपापल्या बालपणी तीच मालिका निवडली आहे. हे मुलांच्या कुवतीविरुद्धचे लक्षण मानता येणार नाही. त्या मालिकेत टिकाऊ काहीतरी आहे, याचा तो एक पुरावा आहे.

एक पुरावा, एवढेच मी म्हणतो, कारण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ही मालिका ज्या वाहिनीची आहे, पुरस्कारही त्याच वाहिनीचे आहेत आणि तिचे भाग तेथे सतत दाखवले जातात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले, की एखादी गोष्ट केवळ वारंवार समोर आल्यानेही ती माणसाला अधिक आवडू लागते. हे मोठ्यांनाही लागू आहे. निवडणुकीच्या काळात भिंतीभिंतींवर नेत्यांची छायाचित्रे लागतात ती उगीच नव्हे. शिवाय कोणत्या विभागात कोणाची नावे असतील हे मुख्यतः वाहिनीच ठरवते. मुलाला पाच-सहा नावांतून एक निवडता येते, यादीबाहेरचे सातवे नाव लिहिता येत नाही. वाहिनीच्या ‘ड्रेक अँड जॉश’, ‘आयकार्ली’, ‘हेन्री डेंजर’ या मालिकांना पुरस्कार मिळत गेले यामागे मुलांचे प्रेम होतेच, पण ते प्रेम वर्षभर त्याच वाहिनीने जोपासलेले होते. न्यायाने हेही नमूद केले पाहिजे, की स्पर्धक असलेल्या डिस्ने वाहिनीच्या कलाकारांना तेथे दार बंद नव्हते. सेलेना गोमेझ यांना डिस्नेवरील भूमिकेसाठी मुलांनी अनेकदा निवडले आणि निकलोडियनच्याच मंचावर त्यांना पुरस्कार मिळाला.

तेव्हा वर्गात या विषयावर बोलायचे असेल, तर ‘तुम्हाला हेच कसे आवडते’ असे विचारू नये. ‘या यादीत आणखी कोणाचे नाव असायला हवे होते’ असे विचारावे. मुलांची खरी आवड किती रुंद आहे, ते या प्रश्नाच्या उत्तरांतून कळेल आणि यादी करणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता असते, हेही मुलांच्या लक्षात येईल.

प्रश्न : अशा मतदानातून मुलांची माहिती गोळा होते का? आणि हा सगळा सोहळा म्हणजे एक मोठी जाहिरातच नाही का?
— एक वडील

उत्तर : माहितीबाबत अमेरिकेत स्पष्ट कायदा आहे. मुलांच्या ऑनलाइन खासगीपणाच्या संरक्षणाचा हा कायदा १९९८ मध्ये संमत झाला आणि २००० मध्ये अमलात आला. त्यानुसार १३ वर्षांखालील मुलांची वैयक्तिक माहिती घेण्यापूर्वी संकेतस्थळाने पालकांना कळवले पाहिजे आणि पडताळून पाहता येईल अशी त्यांची संमती मिळवली पाहिजे. कायदा चांगला आहे आणि हवाच आहे. मात्र त्यातून मतदानापुढे एक पेच उभा राहतो. मुलाचे नाव विचारायचे नाही, पत्ता विचारायचा नाही, वय पडताळायचे नाही. मग एका मुलाने एकदाच मत दिले याची खात्री कशी करायची आणि मत देणारे मूल आहे की पस्तीस वर्षांचा चाहता, हे कसे ओळखायचे? मुलांचा खासगीपणा जपायचा असेल तर मोजणीतली ही सैल बाजू काही प्रमाणात स्वीकारावी लागते आणि या दोहोंत मी विनासंकोच खासगीपणाच्या बाजूने आहे.

समाजमाध्यमांवरच्या मतदानाविषयी मात्र माझे मत कठोर आहे. ही माध्यमे स्वतःच्या नियमांनुसार साधारणपणे १३ वर्षांखालील मुलांना खाते उघडू देत नाहीत. म्हणजे हॅशटॅगने मत देण्याची सोय केली, की आठ-दहा वर्षांची मुले, ज्यांच्यासाठी हा सोहळा आहे, तीच नियमाने बाहेर राहतात किंवा खोटे वय सांगून आत येतात. मुलांच्या पुरस्काराला हे शोभत नाही.

जाहिरातीचा आपला मुद्दा बऱ्याच अंशी खरा आहे. अमेरिकेच्या १९९० च्या बाल-दूरचित्रवाणी कायद्याने मुलांच्या कार्यक्रमांत जाहिरातींवर मर्यादा घातली : शनिवार-रविवारी तासाला साडेदहा मिनिटे आणि इतर दिवशी बारा मिनिटे. परंतु लवकरच प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटाचा नायक पुरस्कार द्यायला मंचावर येतो, तेव्हा ती मिनिटे जाहिरातीत धरली जात नाहीत, तरी त्या चित्रपटाचा प्रचार तर होतोच. अमेरिकी मानसशास्त्र संघटनेच्या अभ्यासगटाने २००४ मध्ये असा निष्कर्ष काढला होता, की साधारण आठ वर्षांखालील मुलांना जाहिरातीमागचा पटवण्याचा हेतू ओळखता येत नाही, म्हणून त्या वयाच्या मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींवर निर्बंध असावेत. पुरस्कार सोहळ्यात तर प्रचार उत्सवाच्या वेषात येतो आणि तो ओळखणे आणखी अवघड जाते. आपले मूल सहा-सात वर्षांचे असेल, तर शेजारी बसून पाहावे आणि ‘हा कलाकार आज येथे का आला असेल?’ असा साधा प्रश्न अधूनमधून विचारावा. बारा वर्षांच्या मुलाला हे सांगावे लागत नाही, असा माझा अनुभव आहे. ते बहुधा आधीच ओळखून असते.

प्रश्न : मुलांनी एक निवडले आणि मोठ्यांनी दुसरेच जाहीर केले, असे कधी उघडकीस आले आहे का?
— एक वाचक

उत्तर : आले आहे आणि तेही अशा संस्थेत, जिच्यावर मुलांचा आणि पालकांचा गाढ विश्वास होता. तो पुरस्कार सोहळा नव्हता, पण मतदान मुलांचेच होते, म्हणून येथे सविस्तर सांगतो. ब्रिटनच्या बीबीसीवर ‘ब्लू पीटर’ हा मुलांचा कार्यक्रम १९५८ पासून चालू आहे. तेथे पाळीव प्राणी असतात आणि ते कार्यक्रमातल्या घरच्या मंडळींसारखेच मानले जातात. २००६ च्या जानेवारीत एक मांजराचे पिल्लू आणले गेले आणि त्याचे नाव काय ठेवावे यासाठी प्रेक्षक मुलांचे ऑनलाइन मतदान घेतले गेले. सर्वाधिक मते ‘कुकी’ या नावाला पडली होती. पण जाहीर झाले ते ‘सॉक्स’. पुढची दीड वर्षे मुले त्याला आपण निवडलेल्या नावाने हाक मारतो आहोत, याच समजात होती.

त्याच सुमारास दुसरा प्रकारही घडला. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये दूरध्वनीवरून घेतलेल्या एका स्पर्धेत तांत्रिक बिघाडामुळे मुलांचे कॉल स्टुडिओपर्यंत पोहोचेनात, तेव्हा स्टुडिओ पाहायला आलेल्या एका लहान मुलीला बाहेरून फोन करणारी विजेती म्हणून बोलायला लावले गेले. हे उघड झाल्यावर बीबीसीने प्रेक्षकांची माफी मागितली आणि २००७ च्या जुलैमध्ये ऑफकॉम या नियामक संस्थेने तिला ५० हजार पौंडांचा दंड केला. ऑफकॉमने बीबीसीला केलेला तो पहिला दंड होता. मांजराच्या नावाची हकीकत त्यानंतर सप्टेंबरमध्ये बाहेर आली. बीबीसीने पुन्हा माफी मागितली आणि आणखी एक पिल्लू आणून त्याचे नाव ‘कुकी’ ठेवले.

एका मांजराच्या नावावरून एवढा गहजब का, असे तेव्हा अनेकांनी म्हटले. मला तो गहजब योग्यच वाटतो. आठ वर्षांच्या मुलाने आयुष्यात दिलेले ते कदाचित पहिले मत असेल. मोजणी मोठ्यांच्या हाती असते, ती तपासून पाहण्याचे कोणतेही साधन मुलाकडे नसते आणि निकाल न पटला तर दाद मागायची कोठे, हेही त्याला ठाऊक नसते. ज्याला तपासता येत नाही त्याच्याशी प्रामाणिक राहण्याची जबाबदारी अधिक मोठी असते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील बाराव्या कलमाने मुलांना आपले मत मांडण्याचा आणि त्या मताला त्यांच्या वयानुसार व समजेनुसार योग्य वजन मिळण्याचा हक्क दिला आहे. ते कलम मांजराच्या नावासाठी लिहिलेले नाही, हे खरे. परंतु आपल्या मताला वजन आहे की नाही, याचा अनुभव मुलांना न्यायालयात किंवा कायदेमंडळात येत नाही, तो अशाच ठिकाणी येतो.

प्रश्न : आमच्या वाचनालयात वर्षभरात मुलांनी वाचलेल्या पुस्तकांना मुलांच्याच मतांनी पुरस्कार द्यावेत असा विचार आहे. वरच्यासारखे दोष टाळून हे कसे करता येईल?
— बालवाचनालयाच्या एक कार्यकर्त्या

उत्तर : आपला बेत वाचून फार आनंद झाला. लहान संस्थेला येथे मोठा फायदा आहे, कारण आपल्याला मुलांची नावे ठाऊक असतात आणि त्यामुळे प्रत्येकाला एकच मतपत्रिका देणे सहज शक्य होते.

दक्षिण इटलीतील जिफ्फोनी या गावी १९७१ पासून मुलांचा चित्रपट महोत्सव भरतो. क्लाउडिओ गुबितोसी यांनी तो सुरू केला. तेथे परीक्षक मुलेच असतात. वयानुसार त्यांचे गट केलेले असतात, आपल्या गटाच्या स्पर्धेतील चित्रपट ती पाहतात, चित्रपट करणाऱ्यांशी चर्चा करतात आणि मग निर्णय देतात. यातल्या दोन गोष्टी आपण जशाच्या तशा घ्याव्यात. एक म्हणजे वयोगट वेगळे ठेवणे, कारण सात आणि तेरा वर्षांच्या मुलांना एकाच मतपेटीत घातले, तर ज्या गटाची संख्या जास्त त्याचीच आवड जिंकते. दुसरी म्हणजे मत देण्यापूर्वी यादीतली पुस्तके वाचलेली असणे. सगळी शक्य नसतील, तर निदान तीन वाचलेली असावीत, अशी अट ठेवता येईल. ज्या पुस्तकाची वाचनालयात एकच प्रत आहे, त्याच्यावर यात अन्याय होईल; तेव्हा अंतिम यादी ठरल्यावर त्या पुस्तकांच्या जादा प्रती मागवण्याची तरतूद आधीच करून ठेवा.

युरोपातील मुलांच्या ‘ज्युनिअर युरोव्हिजन’ या गाण्याच्या दूरचित्रवाणी स्पर्धेतूनही एक युक्ती घेण्याजोगी आहे. २०१७ पासून तेथे ऑनलाइन मतदान होते आणि मत देणाऱ्याला एकाच गाण्यावर थांबता येत नाही, किमान तीन गाणी निवडावी लागतात. स्वतःच्या देशाला मत दिले, तरी आणखी दोघांकडे लक्ष द्यावेच लागते. आपल्या मतपत्रिकेवरही तीन पुस्तकांना जागा ठेवली, तर मैत्रिणीच्या आग्रहाखातर एखादे नाव लिहिणारी मुलगी उरलेल्या दोन जागांवर स्वतःच्या मनातली नावे लिहील.

यादी मात्र मुलांनाच करू द्या, हा माझा सर्वांत मोठा आग्रह आहे. सुरुवातीला कोरे कागद वाटा, प्रत्येकाने आवडलेल्या पुस्तकांची नावे लिहावीत आणि ज्यांना ठरलेल्या संख्येइतके पाठीराखे मिळतील ती पुस्तके अंतिम यादीत यावीत. त्यात आपल्याला न आवडणारे, सवंग वाटणारे एखादे पुस्तक नक्की येईल. ते काढून टाकण्याचा मोह होईल, तो आवरा. एखादे पुस्तक मुलांच्या हाती पडूच नये असे आपले ठाम मत असेल, तर ते मुळात वाचनालयात ठेवायचे की नाही याचा निर्णय वर्षारंभी घ्यावा. मतदान सुरू झाल्यावर तो घेता येणार नाही.

मतदान गुप्त ठेवा, कारण आपल्या आवडीला कोणी हसेल ही भीती मुलांच्या मनात मोठ्यांपेक्षा अधिक असते. मोजणी मुलांच्या प्रतिनिधींनी सर्वांसमोर करावी आणि विजेत्याबरोबरच प्रत्येक पुस्तकाला पडलेली मते फळ्यावर लिहावीत. फक्त चार मते मिळालेल्या पुस्तकाच्या त्या चार वाचकांनाही, आपण एकटे नाही आणि आपले मत मोजले गेले, हे त्या आकड्यावरून समजते. शक्य असेल तर विजेत्या लेखकाला निकाल पत्राने कळवा आणि ते पत्रही मुलांकडूनच लिहून घ्या. त्यात किती मुलांनी मत दिले, मोजणी कशी झाली आणि पुस्तकातला कोणता भाग आवडला, हे तीनही येऊ द्या.